तिघं मिळाले तर युरोप

युरोपातून परत आलेल्या माणसासाठी यवतमाळात दोन प्रश्न ठरलेले असतात. थंडी किती होती आणि जेवायचं काय केलं? मी मोटारसायकलवर फिरून आले, त्यातून बाईमाणूस, तेव्हा मला आणखी दहा-बारा प्रश्न विचारले जातील अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. बार रूममध्ये, भाजीबाजारात, पेट्रोल पंपावर, जो तो एकच विचारतो, 'वकीलबाई, बबनराव अन् दिगांबरभाऊ दोघंबी जित्ते वापस आले का जी?'

आले. दोघंही धडधाकट आले. ते कसे गेले आणि कसे आले, हे एकदाचं लिहून टाकलं म्हणजे माझ्या घशाला तरी आराम पडेल.

यवतमाळ

मी दिवाणी दावे चालवते. बांध, वाटण्या, पाणंद रस्ते, म्हणजे माणसं एकमेकांचं तोंड का पाहत नाहीत याचा मला रोजचा अभ्यास. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी मला सायकलच्या आधी राजदूत मोटारसायकल शिकवली असं आई सांगते, आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. मी लग्न केलं नाही त्याची चर्चा गल्लीत जरा थंडावली होती, तेवढ्यात मी बुलेट घेतली आणि ती नव्यानं सुरू झाली.

माझ्या ऑफिसात एका बँकेचं जुनं कॅलेंडर होतं. त्यावर स्वित्झर्लंडमधल्या एका खिंडीचा रस्ता. हिरव्यागार डोंगराच्या अंगावरून वळणं घेत घेत तो बर्फापर्यंत जातो. वर्ष संपलं, पुढची वर्षंही संपली, कॅलेंडर तसंच. पक्षकार आपली कैफियत सांगायचा आणि मी त्याच्या डोक्यावरून त्या रस्त्याकडे पाहायची. एक दिवस आईला सांगितलं, 'मी युरोपला जाते. गाडीवर.'

आई डाळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, 'एकटी?'

'एकटी.'

'मंग नाई. तिघं मियाले तर जाय. एक पडला तर दुसरा उचलीन, अन् तिसरा डाक्टर आनीन. दोघं असले तर उचलनारा उचलतच बसते.'

या निकालावर वरच्या कोर्टातही अपील चालत नसे. मी सोबती शोधायला लागले.

पहिल्या संध्याकाळी, गावातले गाडीवेडे जमतात त्या गॅरेजात, मी नुसतं विचारलं, तर अकरा हात वर झाले. मी हुरळून गेले. पण हात वर करायला काय जातं? एका औषधवाल्यानं आठवडाभर तिथल्या जेवणाची चौकशी केली आणि शेवटी पोटाचं कारण सांगून मोकळा झाला. एका प्राध्यापकांना त्यांच्या बायकोनं विचारलं, 'बाई पुढं अन् तुमी मागं?' ते प्राध्यापक मला अजून रस्त्यात दिसले की गल्ली बदलतात. बाकीच्यांचं उत्तर एकच होतं, 'औंदा कापसाचं काई खरं नाई. पाहू पुढच्या साली.' त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कोणी पुढच्या सालाबद्दल याहून जास्त बोलतच नसे. मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, सगळं पुढच्या सालावर ढकललेलं.

ढाणकीचा एक बियाण्यांचा दुकानदार मात्र फोनवर पक्का 'हो' म्हणाला होता. त्याला भेटायला मी गाडी काढून गेले. कापूस वेचणीला आलेला. दोन्ही बाजूंचं शिवार पांढरंशुभ्र, उन्हात डोळे दिपतील असं. नवख्याला वाटावं, काय वैभव आहे! दुकानदारानं चहा पाजला आणि म्हणाला, 'वकीलबाई, दर आठ-पंधरा दिवसाले कोनी ना कोनी शेतकरी औषध पेते, त्याच्या मातीला जा लागते. मी युरोपला गेलो अन् मांगं कोनी गेलं, तर लोकायले तोंड काय दाखवू?' मी चहा संपवला. निघताना त्याचं नाव मीच यादीतून खोडलं.

पांढरकवडा

तिथून दोन दिवसांनी एका दाव्यासाठी पांढरकवड्याला गेले. परत येताना हायवेवरच्या ढाब्यावर थांबले. ट्रकवाल्यांची गर्दी, बाजेला बाज लागलेली, बसायला जागा नाही. फक्त एका टेबलाला एकच माणूस आणि तीन खुर्च्या रिकाम्या. बाहेर त्याची बुलेट, आरशासारखी पुसलेली. मी खुर्ची ओढली तर तो माणूस दचकून उभा राहिला.

'इथं बसता?' त्यानं विचारलं आणि रुमालानं खुर्ची पुसली.

हे बबनराव. कापूस खरेदी केंद्रावरचे निवृत्त ग्रेडर. ग्रेडर म्हणजे गाडीतला कापूस हातात घेऊन, धागा ओढून, त्याची प्रत ठरवणारा माणूस. त्यानं एक नंबर म्हटलं तर एक भाव, दोन म्हटलं तर दुसरा, नाही म्हटलं तर गाडी घरी. त्या वर्षांत लोकांना मोठे साहेब दिसत नव्हते, मंत्री दिसत नव्हते. ग्रेडर तेवढा समोर दिसायचा. मग त्या तीन रिकाम्या खुर्च्यांचं कारण मला समजलं.

मी सवयीनं युरोपचं विचारलं. चहा यायच्या आत ते म्हणाले, 'येतो.'

'घरी विचारा. विचार करा थोडा.'

'घरी कोनी नाई. अन् इचार कायचा करू? मले कोनी कुठं चाल म्हनूनच नाई राह्यलं, बाई.'

राळेगाव

तिसरा माणूस मला एका पक्षकारानं सुचवला. राळेगाव तालुक्यातले दिगांबरभाऊ. भरपूर जमीन, भरपूर मिशा आणि आवाज असा की समोरच्या शेतातले बैल थांबावेत. मुलगा जर्मनीत नोकरीला. त्यानं एकदा आई-बापाला मोटारीतून सगळा युरोप दाखवला होता, तेव्हा भाऊ वातानुकूलित हवेत झोपून होते. 'काचंतून पायलं का डोंगर टीवीतला वाट्टे,' ते म्हणाले. त्यांनी आपली जुनी येझदी माझ्या हातात दिली आणि मागं बसून मला काळ्या मातीतून विहिरीपर्यंत नेलं. परत आल्यावर निकाल दिला, 'बाई गाडी चांगली चालवते. पन ब्रेक लय मारते.' आणि यायला तयार झाले. तिकीट मुलगा पाठवणार होता.

म्हणजे आईची अट पुरी झाली. मी दोघांना घरी बोलावलं.

बबनराव आधी आले. मग दिगांबरभाऊ आले आणि दारातच थबकले. मला वाटलं, चपला काढताहेत. आईनं तांब्याभांडं आणून ठेवलं. बबनरावांनी रीतीप्रमाणे पेला भरून त्यांच्यापुढे धरला. दिगांबरभाऊंनी तो घेतला नाही.

मी आईकडे पाहिलं. आमचं घर बौद्धांचं. तिच्या लहानपणी विहिरीवरून किती आणि काय झालं, ते तिनं मला कधी सगळं सांगितलेलंही नाही. ती म्हणाली, 'काहून भाऊ? आमच्या घरचं पानी चालत नाई?'

दिगांबरभाऊ अक्षरशः पळत आत गेले, माठात स्वतः पेला बुडवला, उभ्यानंच घटाघट पाणी प्याले आणि बाहेर येऊन आईच्या पायांशी बसले. 'माय, तुमचं पानी अमृत. याच्या हाताचं चालत नाई. शपथ हाय.'

मग सगळं निघालं. दोन वर्षांपूर्वी दिगांबरभाऊंच्या कापसाच्या गाड्या एका खरेदी केंद्रावर रांगेत लागल्या होत्या. मधेच अवकाळी पाऊस झाला. नंबर आला तेव्हा बबनरावांनी मूठभर कापूस दाबून पाहिला आणि म्हणाले, ओला आहे. गाड्या परत. दिगांबरभाऊ तिथंच, सगळ्या गाडीवाल्यांसमोर, ओरडून म्हणाले होते, 'हा मानूस झूठा हाय! मी याच्या हाताचं पानी पिनार नाई!'

'कापूस ओला होता,' बबनराव खाली पाहत म्हणाले.

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. ज्यांना पाणी नाकारलं गेलं त्यांच्या घरी येऊन कोणी पाण्याची शपथ मिरवावी हे मला मुळीच सहन होण्यासारखं नव्हतं. मी दोघांनाही चालते व्हा म्हणणार होते. आईनंच मला हातानं थांबवलं.

'आमच्या मानसायनं पान्यासाठी मार खाल्ला, अन् तुमी आपल्या हातानं सोडून राह्यले,' ती दिगांबरभाऊंना म्हणाली. 'जा, घेऊन जा हिले. रस्त्यात भांडा. पन कोनी कोनाले टाकून वापस येऊ नोका. येक जरी कमी आला तर मी दार उघडनार नाई.'

तेव्हा सगळ्या प्रवासात माझ्या डोक्याला हा एकच घोर होता. रस्ते, बर्फ, भाषा हे नंतर. ही दोन माणसं फाटली की माझा रस्ता तिथंच संपणार.

बोडन तळं

स्टुटगार्टला भाड्याच्या गाड्या घेतल्या. मी मधे, बबनराव पुढं, दिगांबरभाऊ मागं, असा आमचा क्रम आपोआप ठरला. तिथं रस्त्याच्या उजवीकडून जायचं. पहिल्याच सकाळी दिगांबरभाऊ एका गोल चौकात उलटे घुसले. चारही बाजूंच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि ते बाहेर पडेपर्यंत शांतपणे थांबून राहिल्या. पुढं येऊन ते म्हणाले, 'सगळ्यायचे हॉर्न एकदमच बिघडले का?'

आमच्याकडे वाटेत गाडी उभी करून बसलेला माणूस दिसला तर त्याला ओलांडून जात नाहीत. थांबायचं, काय झालं विचारायचं, पेट्रोल नसेल तर नळी लावून आपलं द्यायचं. ही सवय तिथं जाईना. प्रत्येक उभ्या मोटारसायकलजवळ आमची तिन्ही वाहनं थांबायची आणि दिगांबरभाऊ टाकीवर टकटक करून हातवारे करायचे. तो बिचारा देखावा पाहत पाव खात असायचा. एका जोडप्याला आमचा एवढा कळवळा आला की त्यांनी आम्हालाच अर्धा पाव आणि चीजचा ठोकळा दिला. आम्हीच अडचणीत आहोत अशी त्यांची समजूत झाली असावी.

तिथले मोटारसायकलवाले समोरून जाताना डावा हात खाली सोडून एकमेकांना सलाम करतात. ओळख असो नसो. बबनरावांना पहिल्यांदा कोणी असा हात केला तेव्हा त्यांनी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला केला असेल म्हणून. मग समजलं, आपल्यालाच. त्यानंतर त्यांनी एकही सलाम चुकवला नाही. एकदा तर दोन्ही हात सोडून रामराम केला आणि गाडी गवतात गेली. मी ओरडले. हेल्मेटच्या आतून त्यांचे डोळे भरलेले दिसले आणि पुढचं ओरडणं मी गिळलं.

बोडन तळ्याला तळं का म्हणतात कोण जाणे. पलीकडचा काठ धुक्यात, वर गलबतं. आम्ही गाड्यांसकट फेरीबोटीनं पार होत होतो. अर्ध्या वाटेत धुकं फाटलं आणि दक्षिणेला आभाळात, ढग असायला पाहिजेत तिथं, काहीतरी पांढरं दिसलं. मी ढगच समजले. ते हलेना. तेव्हा ध्यानात आलं, ते जमिनीचं आहे. एवढ्या उंचीवर जमीन असू शकते हे माझ्या डोक्यात बसायलाच वेळ लागला. आपली डोंगराची कल्पना पाहून पाहून ठरलेली असते. आमच्या घाटांवर मी जीव टाकते, पण ते डोंगर माणसाशी बोलतात. हे आपल्याकडे पाहतही नव्हते. मला भीती वाटली आणि फार आनंद झाला, दोन्ही एकदम. माझ्या एका बाजूला बबनराव, दुसऱ्या बाजूला दिगांबरभाऊ, दोघांचीही तोंडं उघडी. तेवढा वेळ ते भांडण विसरले होते.

स्वित्झर्लंडची गावं

गावोगावी चौकात दगडी किंवा लाकडी हौद. त्यात डोंगरातलं पाणी नळीतून चोवीस तास पडत असतं, आणि ते पिण्याचं. पहिल्या हौदाशी दिगांबरभाऊंनी गाडी थांबवली, हात खाली धरला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. 'कोनी बंद करत नाई का याले?' ते सारखं विचारत. कोरडवाहू माणूस. वाहून जाणारं पाणी पाहून त्यांचा जीव कासावीस होत होता. त्यांची शपथ मात्र इथं सोयीची झाली, कारण पाणी कोणाच्या हातचं नव्हतंच, डोंगराच्या हातचं होतं. दोघंही आपापली बाटली आपापल्या बाजूनं भरायचे.

अडचण आली ती एका मुक्कामाच्या जेवणात. मालकिणीनं वितळलेल्या चीजचं एकच भांडं तिघांच्या मधे ठेवलं. त्यात पावाचे तुकडे काट्यानं बुडवून सगळ्यांनी मिळून खायचं. दिगांबरभाऊ माझ्याकडे वळले. 'वकीलबाई, याचं काय? शपथेत बसते का?'

'शपथ पाण्याची आहे. चीजची नाही,' मी म्हटलं.

'लिवून द्या.'

मी कागदी रुमालावर लिहून दिलं. त्यांनी तो खिशात घातला आणि भांड्याचा तळ दिसेपर्यंत थांबले नाहीत. आईनं दिलेली जवसाची चटणी मी वरून भुरभुरवली. मालकिणीनं ती चाखली आणि पाणी प्यायला आत धावली.

रेआल्प

ज्या खिंडीसाठी मी कॅलेंडर जपलं, ती ऐन जूनमध्ये नव्या बर्फानं बंद झाली होती. खाली रेआल्प नावाच्या गावात आगगाडी मिळते. तिच्यावर वाहनं चढवायची आणि डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पलीकडे जायचं. आम्ही पोचलो तेव्हा मोटारींची लांब रांग लागली होती. वरून पाऊस, पावसात बर्फाचे कण. मोटारीतले लोक काचा लावून कॉफी पीत होते. आम्ही रांगेच्या शेवटी गाड्या लावल्या आणि उभे राहिलो. बोटं बधिर झाली, मोज्यांत पाणी साचलं. पण रांगेत उभं राहणं आम्हाला कुणी शिकवायला नको.

बऱ्याच वेळानं नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस पुढून चालत आला. आगगाडीचा कर्मचारी. त्यानं आम्हाला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मग हातानं खुणा केल्या: या, पुढं या. बबनराव निघाले, मी निघाले. दिगांबरभाऊ जागचे हलेनात.

'चला ना भाऊ!' मी ओरडले.

'नाई! लंबर जाईन!' त्यांनी हँडल दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. 'लाइन सोडली का लंबर गेला. मंग पुना मागून!'

तो माणूस माझ्याकडे पाहायला लागला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, हे भिजताहेत ना, म्हणून आधी यांना. मोटारवाले कोरडे आहेत, ते थांबतील. मी ते मराठीत सांगितलं, तरी दिगांबरभाऊ ऐकेनात. रांगेतून बाहेर काढलेल्या माणसाचं काय होतं ते त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. शेवटी बबनराव गाडीवरून उतरले, पावसातून चालत मागं गेले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

'दिगांबरभाऊ, चला. इथं लंबर जात नाई.'

आम्हाला त्या माणसानं छपराखाली नेलं. एका शेगडीसारख्या हीटरजवळ उभं केलं आणि परत पावसात गेला, आणखी कोणी भिजतंय का पाहायला. बबनराव त्याच्या पाठीकडे पाहत होते. पाहता पाहता त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं थंडीनं.

'तुमचा कापूस आला तवा कोरडा होता,' ते म्हणाले. 'गाडी फाटकाशी लागली तवाच मी मूठभर पायलता. एक नंबर होता. मंग तो आमच्या लाइनीत भिजला.'

दिगांबरभाऊंनी हीटरवर धरलेले हात मागं घेतले.

'अन् छपराखाली जागा होती, भाऊ. मले गाड्या आत घ्या म्हनून कोनी सांगतलं नाई. अन् मी बी इचारलं नाई.'

'जागा होती?'

'होती.'

हीटरवर आमच्या कपड्यांची वाफ निघत होती. दिगांबरभाऊंनी ओले हातमोजे पुन्हा चढवले आणि आपल्या गाडीजवळ जाऊन पाठ करून उभे राहिले. माझ्या मनात आलं, संपलं. ओला कापूस नाकारला हा राग एकवेळ माणूस पचवेल, पण जागा असून भिजवला हे कसं पचवेल?

हिमनदी

बोगद्यापलीकडे लख्ख ऊन होतं. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना दोन ऋतू. दिगांबरभाऊ म्हणाले, 'तुमी व्हा पुढं,' आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिले. मला आईचं दार दिसायला लागलं. मुक्कामाला पोचून मी आणि बबनराव अंगणात रस्त्याकडे डोळे लावून बसलो. अंधार पडायच्या बेतात त्यांच्या गाडीचा आवाज आला. ते आले, जेवले आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी खिंड उघडली. आम्ही तिघं या बाजूनं वर गेलो आणि माझा कॅलेंडरमधला रस्ता मला भेटला. वळणामागून वळण, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कापलेला बर्फ, आणि एका वळणावर हिमनदी. निळी. बर्फ निळा असतो हे मला ठाऊक नव्हतं. डोंगराच्या कुशीतून ती खाली उतरते आणि तिच्या पायथ्याशी दगडांतून एक लहानसा ओहोळ निघतो, मनगटाएवढा. तोच पुढं ऱ्होन नदी होतो आणि समुद्राला मिळतो, असं तिथल्या पाटीवर होतं. मी हेल्मेट काढलं. वडील असते तर त्यांनी काय केलं असतं? बहुतेक गाडीची चेन तपासली असती. मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

बबनरावांनी त्या ओहोळाच्या पाण्यानं बाटली भरली आणि दिगांबरभाऊंपुढे धरली. त्यांनी मान हलवली. नाही. बबनरावांनी बाटली खाली ठेवली आणि एकटे पुढं चालत गेले.

माझा तोल गेला. 'अहो, तो माणूस एवढं बोलला! अजून काय पाहिजे तुम्हाला?'

'वकीलबाई,' ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी समजलं. 'रातभर इचार केला. माह्या तोंडावर खरं बोलनारा तो पयला मानूस हाय. बाकीचे सायेब अजून नियमच सांगून राह्यले. पन शपथ मी केंद्रावर घेतली. सगळ्यायच्या पुढं त्याले झूठा म्हनलं. इथं मोडली तर कोन पाह्यीन? बरफ?'

गाव

परत आल्यावर दिगांबरभाऊंच्या गावानं सत्कार ठेवला. शाल, नारळ, लाउडस्पीकर. बोलावणं भाऊंना आणि मला. बबनरावांना नव्हतं. मी गावाला न विचारता त्यांना घेऊन गेले. ते सभेत आले नाहीत, गाड्या लावल्या होत्या तिथं निंबाखाली उभे राहिले. कोणीतरी त्यांना ओळखलं आणि कुजबुज सुरू झाली.

सरपंच बोलले, मी बोलले, मग दिगांबरभाऊंच्या हातात माईक आला. लोकांना बर्फ ऐकायचा होता. त्यांनी बर्फ सांगितला नाही. त्यांनी रांग सांगितली. पाऊस कसा होता, कोरडे लोक काचेत कसे बसले होते आणि नारिंगी जाकीटवाला माणूस मागून कसा शोधत आला. 'त्यानं आमाले लाइनीतून काढून छपराखाली नेलं,' ते म्हणाले. 'भिजलेले आधी. एवढंच पायलं मी युरोपात.' खरेदी केंद्राच्या त्या रांगेत गाड्या लावलेले कितीतरी जण समोर बसले होते.

त्यांना ठसका लागला. सरपंचांनी लगबगीनं पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला आणि माईकवरच हाक मारली.

'बबनराव, इकडं या. पानी तुमी द्या.'

निंबाखालून मंडपापर्यंतचं अंतर ते अशा चालीनं आले, जशी माणसं माझ्या कोर्टात साक्षीला येतात. दोघं-तिघं उठून निघून गेले, त्यातल्या एकानं जाताना खुर्ची पाडली. बबनरावांनी टेबलावरच्या जगमधून पेला काठोकाठ भरला. देताना थोडं पाणी टेबलक्लॉथवर सांडलं. दिगांबरभाऊंनी पेला घेतला आणि सगळ्यांकडे तोंड करून प्याले.

'मी याले झूठा म्हनलं होतं,' ते म्हणाले. 'कापूस ओला होता. हा झूठा नोयता. मी माझा बोल वापस घेतो.'

बबनरावांनी माईक मागितला नाही. तसेच उभ्यानं, ज्यांना ऐकू जाईल त्यांच्यासाठी म्हणाले, 'अन् छपराखाली जागा होती. मी गाड्या आत नाई घेतल्या. माफी द्या.'

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं आता दगड येतील. मी उठून त्यांच्या बाजूला उभी राहिले. आईच्या हिशोबानं तिसरा माणूस मीच होते.

पहिल्या ओळीत एक म्हातारा गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो कोण हे मला नंतर कळलं. त्याच्याही गाड्या त्याच रांगेत होत्या, दिगांबरभाऊंच्या मागं. त्यानं बबनरावांकडे पाहिलं. मग काठी मांडीवर आडवी ठेवली आणि हात पुढं केला.

'मलेबी द्या,' तो म्हणाला.

बबनराव दुसरा पेला शोधू लागले.